त्या रात्री लाइन होती

करंजदरी, ता. घाटंजी
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय मैना,

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. तुझा चष्मा बदलला की नाही ते माहीत नाही. अक्षयच्या नंबरवर मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तू "हं, बोल" म्हणालीस आणि लगेच खुशीच्या हातात फोन दिलास. तुझी नात गोड बोलते, पुण्यातल्या शाळेच्या गमती सांगते. पण मला तुझ्याशी बोलायचं होतं. म्हणून हे पत्र.

तुला पुण्याला जाऊन अडीच वर्षं झाली. तुझं वावर अक्षयने ज्यांना बटईने दिलं आहे त्यांनी यंदा पऱ्हाटी लावली. कापसाची बोंडं बरी आहेत. ते लोक संध्याकाळी घरी जातात, रात्री जागलीला कोणी थांबत नाही, आणि वावराच्या धुऱ्यावरचा तुझा तो मोठा दिवा तू गेल्यापासून लागलेला नाही. खांब आहे, दिवा आहे, वायरही आहे. नुसता अंधार. आपण पहिल्यांदा दुर्बीण लावली तेव्हा पूर्वेचं आभाळ जसं काळंभोर होतं, तसं झालं आहे.

तुला आठवतो का, ती दुर्बीण आली तो दिवस? २००८ सालची दिवाळीची सुटी. एसटीने पार्सल आलं, आणि तुझे मालक घाटंजीहून बैलगाडीत घालून घेऊन आले. तू खोक्याला हात लावून विचारलंस, "बाई, हा बोअरचा पाइप हाय का?" तेव्हा तू मला अहो-जाहो करायचीस. शाळेतल्या बाई म्हणून. मी यवतमाळच्या कारकुनी घरातली, इथे नोकरीला आले आणि राहिले. तुमच्या वावराला लागून घर घेतलं तरी मला कोणी नावाने हाक मारत नव्हतं. तू 'कुंदा' म्हणायला लागलीस ती माझ्या घरामागच्या सांदवाडीत, दुर्बिणीपाशी. अंधारात आपण दोघीच, तू डोळा लावून बसलेली, आणि एकदम म्हणालीस, "कुंदा, हे त डोयात फूल पडल्यावानी दिसते."

ती देवयानीतली दीर्घिका होती. आपल्या सूर्यासारखे अब्जावधी तारे, आणि तुला डोळ्यात पडलेला पांढरा डाग आठवला. मी किती हसले होते. पण खरं सांगते, पहिल्यांदा बघताना मलाही तसंच दिसलं होतं. फक्त मी तसं म्हटलं नव्हतं, कारण पुस्तकात वेगळं लिहिलेलं होतं.

आणि आपले पहिले फोटो. घाटंजीच्या स्टुडिओवाल्याकडून जुना कॅमेरा घेतला, दुर्बिणीच्या तोंडाला बसवला, दोन मिनिटं उघडा ठेवला. पृथ्वी फिरते, त्यामुळे प्रत्येक तारा लांबट झाला. तू संगणकाच्या पडद्यावर बघून म्हणालीस, "हे त तांदूय सांडले." पुढे दोन वर्षांनी ताऱ्यांच्या मागे मागे फिरणारी मोटार लावली, तेव्हा कुठे तांदळाचे ठिपके झाले. दव पडलं की आरशावर धुकं धरायचं, आणि तू पदराने नळी पुसत बसायचीस. मी म्हणायचे, आरशाला पदर लावू नकोस. तू लावायचीसच.

आज लिहायला बसले त्याचं कारण शाळा आहे. शाळेत नवी विज्ञानखोली केली. मुख्याध्यापक परवा घरी आले, भिंतीवरचा तो मोठा फोटो बघितला आणि म्हणाले, याची एक मोठी प्रत शाळेला द्या. खाली काय लिहायचं तेही द्या, कुठल्या दीर्घिका, कुठून काढला, तारीख. मी लिहून दिलं. सिंह राशीतल्या तीन दीर्घिका, करंजदरी, फेब्रुवारी २०१७.

तो फोटो तुला माहीत आहे. त्याबद्दल लिहायचं होतं, पण कागद संपत आला. तब्येत सांभाळ. जमलं तर दोन ओळी लिही.

तुझी,
कुंदा


करंजदरी
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय मैना,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तू रागावली आहेस आणि तुला वाटतं की तू दिव्यावरून रागावली आहेस. म्हणजे आपलं भांडण दिव्यावरून झालं, असं तुला वाटतं.

ते भांडणही मला शब्दाशब्दाने आठवतं. तुझे मालक गेले त्याच्या पुढच्या वर्षी तू तो दिवा लावलास. ते होते तोवर स्वतः जागल करायचे. ते गेले आणि रानडुकरं जणू वाट बघत असल्यासारखी नाल्यातून वर यायला लागली. तू दिवा लावलास आणि जागलीला देवरावला ठेवलंस. देवराव तुझा सालदार, दिवसा बैलजोडी बघायचा, रात्री वावरात झोपायचा. यात तुझं काय चुकलं होतं? पण सिंह रास तुझ्या वावरावरूनच उगवते, आणि दिवा नेमका त्या बाजूला. माझे सगळे फोटो पांढरट यायला लागले. मी तुला म्हटलं, महिन्यातून दोन रात्री बंद ठेव. तू म्हणालीस, "तुले आभाय दिसत नाही म्हणून मी वावर उघडं टाकू का?" मी म्हटलं, तुला आता कशाची आवडच राहिली नाही. नवऱ्याला जाऊन जेमतेम वर्ष झालेल्या बाईला मी असं बोलले. तू निघून गेलीस. महिनाभराने तूच गुळाची पोळी घेऊन आलीस.

म्हणजे ते भांडण मिटलं होतं. तुटलं ते नंतर, आणि तोडलं मी. तू बोलवायचीस, मी जायचे नाही. तू पुण्याला निघालीस त्या दिवशी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे यवतमाळला गेले होते असं सगळ्यांना सांगितलं. मी घरातच होते. दार आतून लावून बसले होते. तू कडी वाजवलीस तीही ऐकली. दोनदा वाजवलीस.

काल बाजाराचा दिवस होता. घाटंजीला भाजी घ्यायला गेले, तिथे देवराव भेटला. सोबत त्याची बायको अंजू. देवरावचे केस पिकले आहेत. मला बघून त्याने हात जोडले. "बाई, बरं आहे ना? ताऱ्याचे फोटू अजून काढता का?" मी म्हटलं, काढते. कुठे असतोस विचारलं, तर म्हणाला, जिनिंगवर जातो, कापसाचे गठ्ठे भरायला. मी म्हटलं, वावरातलं काम का सोडलंस, तुझ्याइतकी जागल कोणाला जमते?

 अंजूच बोलली. "यायले आता जागलीले कोणी नाही सांगत, बाई. मैनाबाईनं काढलं तवापासून नाव खराब झालं. झोपणारा जागल्या कोणाले पायजे?"

देवराव तिला म्हणाला, "जाऊ दे ना." आणि मला म्हणाला, "येतो बाई."

मी भाजी न घेताच परत आले.

मैना, देवरावला काढलंस त्या सकाळी तू मला एक प्रश्न विचारला होतास. मी त्याचं खरं उत्तर दिलं होतं. ते आठवून बघ. पुढचं मी या पत्रात लिहायला बसले होते, तीन कागद फाडले.

कुंदा


करंजदरी
२९ नोव्हेंबर २०२४

मैना,

हे पत्र तूच वाच. दिपालीला वाचून दाखवायला सांगू नकोस. सुनेसमोर तुला काय वाटेल ते वाटू दे, असं मला नको आहे. वेळ लागला तरी तूच वाच.

सत्तावीस जानेवारी २०१७, शुक्रवार. अमावस्या. वारा नव्हता, दव नव्हतं. तीन हिवाळे मी त्या तीन दीर्घिकांच्या मागे होते आणि तिन्ही हिवाळे तुझ्या दिव्याने खाल्ले होते. तुझ्या विहिरीवरच्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे असायची, पाण्यासाठी. रात्री साडेनऊला मी गेले, खोली उघडली आणि दिव्याचा फ्यूज काढून स्वेटरच्या खिशात टाकला. दोन तास, एवढंच ठरवलं होतं. साडेअकराला परत बसवायचा.

साडेअकराला मी संगणकावर एक एक फोटो बघत होते. इतके स्वच्छ फोटो मी आयुष्यात काढले नव्हते. एकाच चौकटीत तिघी, एक आडवी, दोन तिरप्या, आडवीच्या मधोमध धुळीची काळी रेघ. साडेतीन कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड. असे शंभर तरी फोटो एकावर एक मिळवावे लागतात, तेव्हा एक चांगला होतो. माझे चाळीस झाले होते. मी म्हटलं, देवराव आहे जागलीला.

एकच्या सुमाराला कुत्री भुंकली. मग देवरावचे हाकारे ऐकू आले, नाल्याच्या बाजूने. खूप वेळ. त्याच्या हातात बॅटरी होती, तिचा उजेड इकडून तिकडे पळताना मला दिसत होता. मैना, मी ते ऐकलं. मला माहीत होतं कशाचे हाकारे आहेत. मी उठले नाही. सदतीस फोटो राहिले होते. मी ते मोजत बसले होते.

तीनला जाऊन फ्यूज बसवला. दिवा लागला आणि त्या उजेडात तुझा हरभरा दिसला. घाट्यांनी भरलेला, आठ दिवसांत सोंगायचा. नाल्याकडचा अर्धा तुकडा उकरून पडला होता. म्हणजे तुझ्याआधी, देवरावआधी, ते मी बघितलं. घरी आले आणि झोपले. झोपसुद्धा लागली.

सकाळी तू माझ्या सांदवाडीत आलीस. मागे देवराव. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. तो म्हणत होता, "लाइन गेलती रात्री. खोटं नाही बोलत मी. दिवा बंद होता, म्हणून आले डुकरं." तुझ्या मागे धुऱ्यावर दिवा जळत होता, सकाळ झाली तरी कोणी बंद केला नव्हता. तू मला विचारलंस, "कुंदा, तुह्या घरी लाइन होती का रात्री?"

मी म्हटलं, "होती."

एवढंच. ते खरं होतं. माझ्या घरी लाइन होतीच, नाहीतर मोटार कशी चालली असती? तू देवरावकडे वळलीस. तू त्याला काय म्हणालीस ते मी पुन्हा लिहीत नाही. वावरातल्या बायका ऐकत उभ्या होत्या. गुढीपाडव्याला साल संपायचं होतं, तू त्याच दिवशी त्याला काढलंस. तो माझ्याकडे बघत होता. माझ्यावर त्याला संशय नव्हता. बाई काहीतरी बोलतील, म्हणून तो बघत होता.

फोटो तयार झाला तेव्हा तू बघायला आलीस. "तिघी बहिणीवानी दिसतात," म्हणालीस, आणि विचारलंस, "कवा काढला?" मी म्हटलं, फेब्रुवारीत. तेव्हापासून फेब्रुवारीच लिहीत आले.

मी माफी मागत नाही, कारण ती आधी तुझी मागायची की देवरावची, ते मला कळत नाही.

कुंदा


करंजदरी
२२ डिसेंबर २०२४

मैना,

तुझं पत्र मिळालं. पेन्सिलीने लिहिलेलं. तू चौथीपर्यंत शिकलीस असं नेहमी सांगायचीस आणि मी तुला कधी काही लिहायला लावलं नाही. इतकी वर्षं शेजारी शाळामास्तरीण असून.

तू लिहिलंस, "पत्र मीच वाचलं. चार दिवस लागले. देवरावले जाऊन सांग. अंजूसमोर सांग. मंग मले लिही." दुसरं काही नाही. खाली नावसुद्धा नाही.

मी गेले. गेल्या रविवारी दुपारी, जिनिंगला सुट्टी असते तेव्हा. घाटंजीच्या टोकाला त्यांचं घर आहे, पुढे पत्र्याची पडवी. देवराव खाट विणत बसला होता. अंजूने आतून पाणी आणलं, चहा ठेवते म्हणाली. मी म्हटलं, चहा नको, तू इथे बस. दोघं समोर बसल्यावर मी सांगितलं. तुला लिहिलं होतं तसंच, फ्यूजपासून. हाकारे ऐकले तेही सांगितलं. तेवढं गाळून सांगता आलं असतं. नाही गाळलं.

देवरावने हातातला सुंभ खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे लाइन खरंच गेलती."

मी म्हटलं, दिव्याची गेली होती. मी घालवली होती.

"मले वाटे, मीच झोपलो असन," तो म्हणाला. "पह्यले पह्यले मी सांगे सगळ्याइले, दिवा बंद होता म्हणून. मंग सगळेच म्हणाले, बाईच्या घरी लाइन होती. बाई कायले खोटं बोलन? मंग मले बी वाटलं, डोया लागला असन माह्या. सपनात पाह्यला असन अंधार. आठ वर्सं मी हेच धरून बसलो, बाई."

अंजू म्हणाली, "मी बी यायले तेच म्हणे. भांडण झालं का मी हेच काढे." ती उठून आत गेली. परत बाहेर आली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता, नंतर तोही थांबला.

मी उठायला लागले तर देवराव म्हणाला, "एक सांगा. मले आवाज काहून नाही देल्ला तुम्ही?"

मला समजलं नाही.

"रातच्याले. तुम्ही मले नुसतं म्हटलं असतं, देवराव, दोन तास दिवा बंद करतो, त मी कुत्रे घेऊन नाल्याच्या तोंडाशी उभा राह्यलो असतो. डुकरं तिकडूनच येतात. दिवा कायले पायजे मंग? मैनाबाईले बी सांगतलं नसतं मी. तुमचे फोटू मले आवडे."

मैना, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. तुझ्याशी भांडले, फ्यूज चोरला, पण त्या माणसाला विचारावं असं सुचलं नाही. तुझा सालदार होता तो. त्याला काय विचारायचं, असंच कुठेतरी असणार डोक्यात. शाळेत मी वर्षानुवर्षं मुलांना सगळी माणसं सारखी म्हणून शिकवलं.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "तुमच्या गावात सांगान का हे? माह्या पोरीचं लग्न तिकडेच ठरून राह्यलं." मी म्हटलं, सांगेन. त्याच आठवड्यात शाळेत फोटो लावायचा कार्यक्रम झाला, सरपंच होते, बायाबापड्या होत्या, पोरं होती. मला बोलायला सांगितलं तेव्हा दीर्घिकांबद्दल दोन वाक्यं बोलले आणि मग हे सांगितलं. मुख्याध्यापकांना काय करावं सुचेना. त्यांनी राष्ट्रगीत सुरू केलं.

फोटोखालची तारीख मी खोडून बरोबर लिहिली आहे.

कुंदा


करंजदरी
९ जानेवारी २०२५

प्रिय मैना,

काल तुझा फोन आला आणि या वेळी तू तो खुशीकडे दिला नाहीस. पहिली पाच मिनिटं तू तुरीबद्दलच विचारलंस. शेंगा भरल्या का, कोणाच्या तुरीवर अळी आहे, बटईवाल्यांनी धुऱ्यावरच्या बोरी तोडल्या की ठेवल्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं एवढंच बोलून तू फोन ठेवशील आणि तेवढंही मला पुरलं असतं.

मग तू म्हणालीस, "मी बी त्याले नीट विचारलं नाही. त्याचे पाय चिखलाचे होते. झोपलेल्या माणसाचे पाय चिखलाचे कसे असतीन? ते मी पाह्यलंच नाही."

मी म्हटलं, तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास. तू म्हणालीस, "तेच म्हणून राह्यली मी."

त्यानंतर मी सांगितलं की घरातला फोटो उतरवून ठेवते आहे. तू म्हणालीस, "राहू दे. काढला त तू इसरशीन." हे रागाने म्हणालीस की कसं, मला फोनवर कळलं नाही. फोटो भिंतीवरच आहे.

आणि तू म्हणालीस की संक्रांतीनंतर तुझं वावर बघायला येतेस, आठ दिवसांसाठी. अक्षय गाडीत बसवून देईल. वीस तारखेला ती घाटंजीला पोचते. मी तुझं घर उघडून घेतलं, दोन दिवस दारंखिडक्या मोकळ्या ठेवल्या, गाद्या उन्हात टाकल्या. राहायचं मात्र तू ठरव, तिकडे की माझ्याकडे. मी आग्रह करणार नाही.

देवरावला निरोप दिला की तू येतेस. त्याने विचारलं, कोणत्या गाडीने. मी सांगितलं. तो म्हणाला, "मी येतो स्टँडवर." कशाला ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. अंजूही येणार की नाही माहीत नाही.

तेव्हा वीस तारखेला घाटंजीच्या स्टँडवर आम्ही उभे असू. गाडीतून उतरलीस की आधी त्याच्याशी बोल. माझ्याकडे नंतर ये. मी थांबते.

तुझी,
कुंदा